अप्पलसामीचा उभा ऊस

बा नावाच्या नदीकाठच्या तोडणी-टोळीत अकरा शेतं, आणि तोडणीत अप्पलसामीचा नंबर अकरावा. मुकादम म्हणून त्यानं सगळ्यांच्या शेवटी चिठ्ठी उचलली, दुसरं काय येणार हाती! कारखाना शनिवारी बंद होणार, टोळीचे कोयते अजून आठव्या शेतात. राहिलेला ऊस गेला वाया.

त्याला चैन पडेना. कोयत्याला धार लाव, पुन्हा लाव, आभाळाला शिव्या दे.

"पेटवून द्या ना," त्याची बायको मुनियम्मा म्हणाली. "जळका ऊस लवकर नासतो म्हणून आधी तोडायचा, तुमच्याच टोळीची रीत. सगळे गुपचूप पेटवतात, तुम्हीच तेवढे हरिश्चंद्र!"

"त्याच सगळ्यांना मी फाडफाड बोललोय. आता कुठल्या तोंडानं पेटवू?"

"मग बसा आभाळ बघत!"

काडेपेटी मात्र त्यानं खिशात टाकली. दोन दिवस सारखा हात तिथंच जायचा आणि चोरासारखा परत यायचा.

बुधवारी दुपारी शेजारच्या बिसेसरच्या शेतातून धूर निघाला. बिसेसरचा नंबर दहावा. "कुणी बिडी टाकली की काय, देव जाणे," तो म्हणाला. काय तो भोळा चेहरा! तेवढ्यात वारा फिरला आणि आग अप्पलसामीच्या बांधाकडे धावली.

टोळी पळत आली. सगळ्यांच्या पुढे अप्पलसामी. पंधरा वर्षं आगी विझवलेला माणूस, विचार करतो कशाला! हिरवी फांदी तोडून झोडपत सुटला. भुवया करपल्या, घसा बसला, तरी ओरडतोच आहे, "हाणा रे! सोडू नका!"

आग विझली. डोंगरातून तोडणीला आलेला सेमिसी धापा टाकत खाली बसला आणि हसायलाच लागला.

"मुकादम, दोन मिनिटं दम खाल्ला असता, तर उद्या आपण तुमच्याच शेतात असतो की!"

अप्पलसामीनं वळून पाहिलं. ऊस हिरवागार उभा. एक पानही करपलं नव्हतं.

एवढ्यात मुनियम्मा दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन, ठेचकाळत, रडत आली.

"वाचला का हो आपला ऊस?"

"वाचला," तो म्हणाला.

मग त्यानं खिशातली काडेपेटी काढली आणि तिच्या बादलीत बुडवली.

"अहो!" डोळे पुशीत ती ओरडली. "घरात तेवढी एकच होती. चूल कशानं पेटवू आता?"