कम्प्लाइडचा रकाना

सरकारी टेंडरच्या कागदांत एक रकाना असतो. डावीकडे अट छापलेली, आणि उजवीकडे पुरवठादाराने लिहायचं 'कम्प्लाइड', म्हणजे अट पाळली आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, चंडीगडच्या आमच्या कचेरीत, मी असे रकाने इतके तपासले की त्या शब्दाचीच मला शिसारी बसली. एका विक्रेत्याने तर 'वॉरंटी किती वर्षांची?' या प्रश्नापुढेही 'कम्प्लाइड' लिहून दिलं होतं. खरेदीच्या कमिटीत कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही.

त्या वर्षी इस्पितळांसाठी संगणक घ्यायचे होते. त्यांवर चालणार होता तो आमच्याकडच्या एका कंत्राटी मुलीचा प्रोग्राम. लहान मुलांच्या वॉर्डातल्या यंत्रांवरचे श्वासाचे आकडे तो आपोआप नोंदवून घेणार होता; एरवी नर्सबाई ते वहीत उतरवत, आणि घाईत चुकतही. मुलीचे वडील फौजेत, मूळचे साताऱ्याचे, घर चंडीमंदिरच्या छावणीत. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. घरी मी 'काका', कचेरीत 'सर'. दोन वर्षं खपून तिने तो प्रोग्राम लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उभा केला होता. कमिटीने लिनक्स मान्य केलं तर प्रोग्राम वॉर्डात जाणार आणि तिचं कंत्राट वाढणार, नाहीतर दोन्ही बंद.

समोर दुसरा पर्याय होता एका बड्या कंपनीच्या महागड्या ऑपरेटिंग सिस्टीमचा. दोन्हींसाठी अट एकच: सिस्टीम पॉझिक्स हे प्रमाण पाळते का, होय की नाही? हे प्रमाण म्हणजे सगळ्या सिस्टीमनी सारखं वागावं, एकीवरचा प्रोग्राम दुसरीवरही चालावा, यासाठी ठरवलेले नियम. तपासणी माझ्याकडे आली.

मी पंधरा दिवस घासून तपासलं. लिनक्स बहुतेक नियम पाळत होतं. तिचा प्रोग्राम मी लिनक्सच्या दोन वेगवेगळ्या अवतारांवर घातला. कुठली फाइल कुठे ठेवायची यावरून त्या दोघांत उभा दावा, तरी तासाभराच्या डागडुजीत तो दोन्हीकडे चालला. काही नियम मात्र मुद्दाम मोडलेले. डिस्कवरची जागा प्रमाणाप्रमाणे पाचशे बारा बाइटच्या तुकड्यांत सांगायची, लिनक्स सांगायचं हजार चोवीसच्या. का, तर लिहिणाऱ्यांना ते जास्त शहाणपणाचं वाटलं! ही असली मस्ती बघून माझं डोकं फिरायचं. शिवाय सर्टिफिकेट नव्हतं, कारण त्यासाठी पैसे मोजायला फुकटच्या सिस्टीमला धनी कुठला?

महागड्या सिस्टीमला सर्टिफिकेट होतं, सोनेरी काठाचं. प्रमाण पाळणारा भाग तिच्यात होता खरा, पण काचेच्या कपाटातल्या कपबशांसारखा, पाहुण्यांना दाखवण्यापुरता. त्या भागातून नेटवर्कला हात लावता येत नव्हता, आणि वॉर्डातले आकडे तर नेटवर्कवरूनच यायचे. विक्रेत्याने नमुन्याला ठेवलेल्या यंत्रावर मी तिचा प्रोग्राम चढवून पाहिला. तो सुरूसुद्धा झाला नाही.

पण कचेरीचा नियम असा की सर्टिफिकेट असेल तर वेगळी चाचणी लागत नाही. म्हणून लिनक्सच्या उणिवांवर मी दोन पानं लिहिली, तुकड्यांच्या हिशेबासकट, आणि शेवटी 'मोस्टली कम्प्लाइड', म्हणजे बहुतांशी पाळते, असं नोंदवलं. दुसऱ्या सिस्टीमसाठी सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडली आणि सही केली. आपण अगदी काटेकोर काम केलं, असं वाटून त्या दिवशी मी खूशही होतो.

मीटिंगला महागड्या सिस्टीमचा विक्रेता टाय लावून आला. सोबत काजूकतलीचा डबा. अध्यक्षांनी माझा अहवाल चाळला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ओ जी, हाँ लिखो या ना लिखो. ये 'मोस्टली' क्या चीज़ है?"

"सर, पूरी तरह तो कोई भी…" मी हिंदीत जुळवू लागलो.

"सर्टिफिकेट है?"

"नहीं है."

"बस जी. आप तो खुद लिख रहे हो, डिस्क भी ठीक नहीं गिनता." डबा फिरत फिरत माझ्याकडे आला. मी एक वडी उचलली. दहा मिनिटांत महागडी सिस्टीम मंजूर झाली. विक्रेत्याने आपल्या घामट हातात माझा हात घेऊन दाबला, आणि मी तो सोडवूनही घेतला नाही.

मला त्या माणसाचा तिटकारा आला, अध्यक्षांचा आला, उदारीकरणाच्या नावाखाली कचेरीत शिरलेल्या त्या सगळ्या गुळगुळीत कॅटलॉगांचा आला. महिनाभर मी घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो, आणि त्यात मला बरंही वाटत होतं.

कंत्राट संपल्यावर ती आमच्या क्वार्टरवर आली, माझी दोन पुस्तकं परत करायला. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. ती बसली नाही. "काका, त्या दुसऱ्या मशीनवर माझा प्रोग्राम तुम्ही चालवून बघितला होता ना?" बहुधा ठरवून मराठीत विचारलं असावं.

"बघितला होता. नाही चालला."

"रिपोर्ट में तो नहीं है."

"सर्टिफिकेट असलं की चाचणी लिहायची गरज नसते, बेटा. नियम आहे तसा."

तिने पुस्तकं टेबलावर ठेवली. "और मेरेवाले के दो पन्ने?"

मी ती पुस्तकं उचलून कपाटात लावू लागलो. विक्रेता खोटं बोलला, तो त्याचा पोटाचा धंदाच होता. अध्यक्षांना काही कळतच नव्हतं. ज्याने डोळ्यांनी पाहिलं होतं असा त्या खोलीत मी एकटा. तिथल्या प्रत्येकाबद्दल मला किळस वाटली होती, फक्त माझ्यापर्यंत ती पोचायची राहिली होती.

बायको बाहेर येऊन तिला म्हणाली, "अगं, जेवूनच जा." ती "नको, काकू" म्हणाली, नमस्कार केला आणि गेली. बायकोने पानं घेतली. मी जेवायला बसलो, आणि वरणभात दुसऱ्यांदा मागून घेतला.