सादड्याची साल

ते चित्र अजून माझ्याकडे आहे. कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. पाहुण्यांनी विचारलं की मी म्हणतो, किडलंय. ते खोटं नाही. पण खरंही एवढंच नाही.

मी मूळचा जळगावचा. सत्त्याऐंशीच्या सुमारास पिंपळनेरच्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून लागलो. सुट्टीच्या दिवशी पश्चिमेकडच्या डोंगरात जाऊन जंगल रंगवायचं, हा छंद. तिथे रोजंदारीवर एक वनराखा होता. वयाने माझ्या वडिलांएवढा, म्हणून सगळे त्याला आबा म्हणत. मी रंगवत बसलो की तो मागे उभा राहून बघायचा. एकदा त्याने वाळलेल्या चित्रावर बोट फिरवलं.

"गुरुजी, हाई तं गुळगुळीत शे. जंगल आसं ऱ्हास का? आसं गुळगुळीत तं मन्ही ताटलीबी नही!"

मी हसलो, पण शब्द लागला. त्या रात्रीच नव्हे, पुढचे कितीतरी दिवस मला माझी सगळी झाडं ताटलीसारखी दिसत होती. मग प्लायवूडच्या फळीवर सरस आणि लाकडाचा भुसा थापून बघितला. पाचोळा कुटून चिकटवला, वाळू पेरली. पायवाट जमली, झुडपं जमली. खोडं मात्र जमेनात. भुशाचं खोड म्हणजे नुसती शेणाने सारवलेली भिंत.

आबाने मला सादड्याजवळ नेलं. ऐनालाच तिकडे सादडा म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल. त्याने आधी झाडाला हात जोडले, मग उगवतीच्या अंगाने तळहाताएवढा तुकडा कोयत्याने अलगद सोडवला.

"एकच बाजूनी काढतस, गुरुजी. झाडले इचारीसन. गोल बठ्ठी काढी तं झाड उभं ऱ्हाई, पन मरी जाई." बठ्ठी म्हणजे सगळी.

तो तुकडा फळीवर लावला आणि खोड जिवंत झालं. पण एका तुकड्याने जंगल होत नाही. मला चित्राच्या मधोमध एक मोठं खोड हवं होतं, अखंड, सांधा नसलेलं. धुळ्याच्या प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते.

बाजाराच्या दिवशी आबा गावात गेलेला असतो, हे मला माहीत होतं. शाळेतली पटाशी आणि हातोडी पिशवीत घालून मी गेलो. तोच सादडा. उगवतीकडून सुरुवात केली. पट्टा निघत गेला तसा मीही झाडाभोवती फिरत गेलो. जिथून सुरुवात केली होती तिथे परत आलो तेव्हा उमगलं, काय केलं ते. आत ओली तांबूस कांती उघडी पडली होती. साल परत लावता येत नाही. मी ती गुंडाळली आणि आलो. एवढंच.

धुळ्यात चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. लोक हात लावून बघत होते. पुढे ते मुख्याध्यापकांच्या खोलीत लागलं.

पुढल्या पावसाळ्यात सगळं रान हिरवं झालं. तो सादडा उघडाच राहिला. तपासणीला आलेल्या वनखात्याच्या साहेबाने खोडावरचं कडं पाहिलं. झाड असं मुद्दाम सुकवायचं आणि मग वाळलेलं म्हणून तोडायचं, ही रीत साहेबाला ठाऊक होती. राखणीला आबा होता. त्याचं काम गेलं.

मी सांगायला गेलो होतो. खरंच गेलो होतो. साहेबाने खुर्ची दिली, चहा मागवला. "तुमचं चित्र पाहिलं बरं का धुळ्याला! वा, अगदी जंगलच उचलून आणलंत!" मी बशीत चहा ओतला, प्यायलो, आणि उठलो. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात, तसं काही नव्हतं. जीभ चांगली चालत होती. साखर जास्त झाल्याचंही मी बोललो.

दोन दिवसांनी आबाच शाळेत आला. "गुरुजी, माले एक अर्ज लिखी द्या. तुमना अक्षर चांगला शे."

मुख्याध्यापक तालुक्याला गेले होते. त्यांच्याच खोलीत बसून मी लिहायला घेतलं. आबा उभा होता. त्याची पाठ माझ्याकडे, तोंड चित्राकडे. त्याने मधल्या खोडावर तळहात ठेवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश नेला. लांबी मोजावी तसा.

"सादडा शे," तो म्हणाला. बस.

मी मान वर केली नाही. अर्ज पुरा करून वाचून दाखवला. इतकी वर्षं इमाने राखण केली, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, मी झाड सुकवलेलं नाही, झाडाची साल कोणी काढली हे मला माहीत नाही, तरी कृपा करून कामावर परत घ्यावे.

"एक ओळ खोडी टाका."

"कृपेची?"

"नही. माहीत नही, ती. माले माहीत शे, गुरुजी. खोटं कसाले लिखानं?"

मी थांबलो. आता तो नाव सांगेल, लिहायला लावेल, असं वाटलं. त्याने लावावं असंही वाटलं. तो माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहिला. मी ती ओळ खोडली. तिच्या जागी काही लिहिलं नाही.

त्याने अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

अर्जाला उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको ऊसतोडीला गुजरातेत गेले. माझी जळगावला बदली झाली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचं जंगल घेऊन जा हो, हजेरीपटावर भुगा पडतो." साल आतून पोखरली आहे. भिंतीकडे तोंड असलं तरी खाली बारीक पिवळा भुगा साचतोच. मी रोज सकाळी झाडून काढतो.