हातातलं आधी सोडा

नवसाबाईचं सारं आयुष्य डोक्यावर पाटी घेऊन गेलं. मखमलाबादच्या मळ्यातून मेथी-कोथिंबीर काढायची आणि पंचवटीत नेऊन विकायची. वाटेत चिखलात कितीदा आपटली, पण जुडी कधी सांडली नाही. गुडघे फुटले तरी चालतील, पाटी सुटता कामा नये, असं सासूनं पहिल्याच वर्षी ठणकावलं होतं. अशानं दोनदा मनगट मोडलं, आणि बाईला त्याचाच केवढा अभिमान!

सत्तरीला टेकल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, आता खुबा मोडला तर पुन्हा उठणं नाही. तेव्हा मात्र तिची पाचावर धारण बसली. नवरा कारभारी अर्धांगानं अधू. त्याला उठवायचं, न्हाणीत न्यायचं, भरवायचं, सगळं हिच्याच अंगावर. मुलगा-सून देवळाली कॅम्पला, सणावारी तोंड दाखवणारी. ही अंथरुणाला खिळली तर त्याचं करणार कोण?

म्हणून ती गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांच्या वर्गाला, हाड न मोडता कसं पडायचं ते चक्क शिकायला गेली. आळीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. शिकवणारी मंजुषा सांगे, तोल गेला की हातातलं आधी सोडा, गुडघे वाकवा, कुशीवर या. बाकीच्या गादीवर धपाधप पडत. नवसाबाई सरावासाठी हातात दिलेली पिशवी छातीशी कवटाळून पडे. महिनाभर हेच. शेवटी एके दिवशी पिशवी आपसूक सुटली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिनं ते कारभारीला दोनदा सांगितलं.

श्रावणातल्या एका सकाळी ती त्याला हाताला धरून न्हाणीतून आणत होती. ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला. विचार करायला वेळच नव्हता; शिकवलं होतं तसंच घडलं. हात सुटला, गुडघे वाकले, ती कुशीवर आली. साधं खरचटलंही नाही.

कारभारी मात्र उभाच्या उभा उंबऱ्यावर कोसळला. खुबा गेला हे त्याच्या वाकड्या पायाकडे बघूनच कळत होतं. जन्मभर मेथीची जुडी न सोडलेल्या बाईनं नवऱ्याचा हात सोडला होता. देवानं आपल्याला आधीच का उचललं नाही, असं तिला झालं.

त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुला लागलं नाय ना गं?" त्यानं विचारलं.

"नाय," नवसाबाई म्हणाली.