बसून राह्यली आणि बसत होते

अन्याय झाला तो आमच्या गावच्या भाजीवाल्या मावशीवर. कधी झाला तेही सांगते: यंदाच्या महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत, झेंडावंदन आटोपून लोकं मंडपात येऊन बसली तेव्हा. मराठी राज्याच्या वाढदिवशी एका बाईची मराठी बदलून तिच्याच विरोधात वाचली गेली. ती बदलली एका कंप्यूटरने. कंप्यूटरला तसं शिकवलं होतं एका सज्जन माणसाने. माणूस सज्जन आहे म्हणून मी गप्प बसावं, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. मी बसले नाही.

प्रकरण असं. बाजारात ग्रामपंचायतीने सिमेंटचे ओटे बांधले. ठरलं असं, की जो आज त्या जागेवर बसून धंदा करतो त्याला ओटा मिळेल, जागा सोडून गेलेल्याला नाही. मावशी स्वतःच्या मळ्यातली मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी घेऊन बाजारातल्या लिंबाखाली बसते. उरलेला माल जीपमध्ये टाकून शेलूबाजारला जातो, तिथला भाव व्यापारी सांगेल तो. लिंबाखाली भाव मावशी सांगते. ओटा गेला तर तिच्या हातातून एवढंच जाणार होतं, पण तिच्याजवळ होतं तेच एवढं.

कोण कुठे बसतं याचे बाजारातल्या बायकांचे जबाब ग्रामसभेपुढे ठेवायला आमच्या संघटनेने लिहून घेतले. मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते, आणि आमचा नियम पक्का आहे: बोलणाऱ्याचं वाक्य बोलणाऱ्याचंच राहील, त्याला इस्त्री करायची नाही. मी त्या दिवशी मानोऱ्याला होते. मावशी गावच्या अभ्यासिकेत, जिथे कंप्यूटर आहेत, जाऊन बोलली, तिथल्या टायपिंग शिकणाऱ्या पोरीने जबाब टाइप केला, मावशीने सही केली. तिला सही येते, वाचता येत नाही.

ग्रामसभेत ग्रामसेवकाने कागद उचलला. "'मी लिंबाखाली भाजी घेऊन बसत होते.' बसत होते. म्हणजे आता बसत नाही. चला, पुढचं नाव."

मावशी ताडकन उठली. "बसत होते कोन म्हणे? मी बसून राह्यली! आज बी झेंड्याच्या आधी दोन जुड्या इकून आली."

"मावशी, सही तुमचीच ना?"

"सही माही हाय. बोलनं माहं नाही."

मंडप हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, तोंड भाड्याने आणलं होतं काय वो?" मावशीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे 'मी बसून राह्यली' म्हणजे मी बसते आहे. आत्ता, या घडीला, अजून उठलेली नाही. 'तो जेवून राह्यला' म्हणजे त्याचं जेवण चालू आहे, ताटावरून त्याला उठवू नका. 'बसत होते' म्हणजे त्याच्या बरोब्बर उलट.

मी तडक अभ्यासिकेत गेले आणि त्या पोरीला धारेवर धरलं. तिचे डोळे भरले, पण ती मागे हटली नाही.

"अवं ताई, मी काहून बदलू? माहे हात पाहा."

तिने माझ्यासमोर टाइप केलं: मी बसून राह्यली. मग स्पेसचं बटण दाबलं. पडद्यावर शब्द हलले आणि उमटलं: मी बसत होती. जबाबाच्या दिवशी घाईत तिने 'होती'चं 'होते' केलं होतं, व्याकरण सांभाळायला, एवढाच तिचा हात. शेजारच्या मशीनवर करून पाहिलं, तेच. भिंतीकडच्या मशीनवर, तेच. 'मले' लिहिलं की 'मला', 'कायले' लिहिलं की 'कशाला'. अख्खी खोली एकाच तोंडाने बोलत होती.

याचं कारण त्या मशिनी तयार कशा झाल्या यात होतं. दानात आलेल्या जुन्या मशिनींवर एकेक करून विंडो मारत, म्हणजे विंडोज टाकत, बसायला वेळ कोणाजवळ? म्हणून एकच मशीन नीट तयार करतात. त्यावर मराठी कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर, लिहायचं सॉफ्टवेअर, सगळं बसवतात. मग त्याची जशीच्या तशी प्रत काढतात, तिला इमेज म्हणतात, आणि ती बाकी सगळ्यांवर उतरवतात. पहिल्या मशीनला आम्ही साचा म्हणतो. साच्यावर जो बसतो त्याच्या सवयी सगळ्या खोलीला लागतात. हा साचा तयार होताना तिथे बसले होते मराठीचे निवृत्त सर. त्यांनी शब्द आपोआप दुरुस्त करणाऱ्या यादीत आमची सगळी बोली भरून ठेवली होती, डावीकडे आमचं, उजवीकडे 'शुद्ध'. प्रत काढताना ती यादीही गेली.

सर मूळचे सातारकडचे. नोकरीला इकडे आले, इथलेच झाले. मशिनी गावात आणायला सगळ्यात जास्त तेच फिरले होते. मी मावशीला घेऊन त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर चहा पीत होते.

"सर, तुम्ही मावशीचा ओटा घालवला."

"मी पोरांचे गुण वाचवले," सर म्हणाले. "स्पर्धा परीक्षेत 'मले' लिहून चालतं का? उद्या नापास झाली तर तूच पत्रक काढशील माझ्यावर."

"परीक्षेवाल्यांनी परीक्षेपुरती यादी लावावी. मावशी कोणती परीक्षा देऊन राह्यली?"

"आणि चूक काय आहे त्यात? राह्यली म्हणजे राहिली. क्रिया झालेली. भूतकाळ."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीने मला कोपराने ढोसलं. तिने पदर सारखा केला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुमी आता काय करून राह्यले?"

"आत्ता? चहा पितोय."

"मंग! मी इचारलं तं तुमाले बरोबर समजलं. कंप्यूटरले कायले होते-होते शिकवलं?"

सरांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. त्या आमच्याकडच्याच, कारंज्याच्या. "तीस वर्षं झाली सांगून राह्यली मी यायले," त्या म्हणाल्या. सरांनी चहा तसाच ठेवून चपला घातल्या.

नवा साचा आम्ही मिळून केला. नुसती यादी पुसून भागलं असतं, पण ती प्रत पेनड्राइव्हवर होती, उद्या एखादं मशीन बिघडलं की तीच पुन्हा उतरली असती. म्हणून मुळापासून. कोऱ्या मशीनवर विंडो मारली, कोणाचंही नाव, कोणाचंही खातं दिलं नाही. लागेल तेवढंच बसवलं. सरांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, ज्याला परीक्षा आहे त्याने लावावी, उठताना काढावी. आणि मशीन बंद करण्याआधी मी एक काम वाढवलं, जे कुठल्या पुस्तकात नाही: ज्यांच्यासाठी मशीन आहे त्यांना समोर बसवून बोलायला लावलं. मावशी बोलली, पोरीने टाइप केलं, सरांनी मोठ्याने वाचलं. एक अक्षर हललं नाही.

मग शेवटची पायरी. साच्याने स्वतःची ओळख पुसायची आणि बंद व्हायचं. बंद झाल्यावर त्याला प्रत निघेपर्यंत साधं चालू करायचं नाही. केलं तर ते नवा मालक आला समजून नाव-गाव विचारू लागतं आणि मेहनत वाया. बंद मशीन दिसलं की बटण दाबायचं, हा आमच्या अभ्यासिकेचा रोगच. मावशीने कपाळावरची टिकली काढून बटणावर चिकटवली. "आता कोनी हात लावून दाखवा!" कोणी लावला नाही. पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, प्रत काढली, सगळ्या खोलीवर उतरवली.

स्वातंत्र्य दिनाच्या ग्रामसभेत नवा जबाब वाचला गेला. ग्रामसेवक 'राह्यली'वर अडखळला. सर उठले, वर्गात उभे राहायचे तसे. "चालू वर्तमानकाळ आहे, साहेब. आधीचं भाषांतर माझं होतं आणि ते चुकलं होतं." लिंबाखालचा ओटा मावशीच्या नावावर झाला. मंडपात परत कोणी हसलं नाही, मी पाहून घेतलं.

पण त्या जुन्या प्रतीतून निघालेले बाकीचे कागद? बाकीच्या बायकांचे जबाब आम्ही शोधून काढले आणि एकेक पुन्हा लिहून घेतले. आमच्या गावापुरतं ते झालं.

आता तुम्ही. तुमच्या शाळेत, सेवा केंद्रात, वकिलाकडे, पंचायतीत असाच एखादा साचा बसलेला आहे आणि त्याच्या प्रतींवर लोकांचे जबाब रोज टाइप होत आहेत. उद्या तिथे जा. दुरुस्तीची यादी उघडायला लावा. त्यात तुमच्या लोकांची बोली सापडली तर ती काढा, नवी प्रत करायला भाग पाडा, आणि निघालेला प्रत्येक कागद ज्याच्या तोंडचा आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवा. तो नाही म्हणाला तर कागद फाडा, आणि त्याच्यासमोर पुन्हा लिहा.