काकांची पाण्याची वही

"जेवढं आहे तेवढंच लिही." माझ्या रिपोर्टवर सही करण्याआधी काका चष्मा कपाळावर ढकलत आणि हे म्हणत. टेक्सासमधल्या एका लहान गावात पाणी तपासणीच्या लॅबमध्ये मी नवीन लागले होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. काका तिथले सीनियर केमिस्ट, मूळचे नागपूरचे. गावात मराठी माणसं तीनच: ते, काकू आणि मी. काकांसारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पाकिटावरचं तिकीट तिरकं लागलं तरी बेचैन होणारी.

त्यांचं घर गावाबाहेर. मागे पिकॅनची, म्हणजे अक्रोडासारख्या फळाची, एकवीस झाडं. नळ तिथवर पोचला नव्हता, ज्याच्या त्याच्या घरी बोअर. वर्षातून एका रविवारी काका बाटल्या घेऊन शेजारच्या पाच घरी जात, पाणी तपासत आणि निळ्या वहीत लिहून ठेवत. कुणी सांगितलेलं नव्हतं. शेजारची एकटी राहणारी म्हातारी विचारायची, "डॉक्टर, माझं पाणी कसं आहे?"

"मी डॉक्टर नाही," काका म्हणत. "पाणी उत्तम आहे."

मग एका वर्षी मैलभरावरची तेलाची विहीर खोदता खोदता उसळली. नऊ दिवस कुणाला आवरली नाही. तेल आणि खारं पाणी शेतांवरून ओढ्यात गेलं. ती बंद झाल्यावर मी काकांकडे गेले. काकूंच्या मेथीच्या वाफ्यावर काळा थर होता. त्या म्हणाल्या, "वरणभात केलाय, जेवून जा. पाणी दुकानातलं आहे." उन्हाळा सरेपर्यंत पिकॅन वाळले. सहाही घरांचे बोअर पिण्यासारखे राहिले नाहीत.

तेल कंपनी म्हणाली, इथलं पाणी आधीपासून असंच होतं. काकांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून वकील केला. त्याने विचारलं, "आधी कसं होतं, याचा पुरावा आहे कुणाकडे?" काकांनी वही आणून टेबलावर ठेवली.

त्या वहीत त्यांच्या स्वतःच्या बोअरचंही पान होतं. विहीर उसळायच्या आधीच त्यांचं पाणी जरासं खारट व्हायला लागलं होतं. दूर पार्सिपनी शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा फोन आला. काकांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, मला ऐकू आलं: "बाबा, जस्ट डोन्ट शो देम दॅट पेज."

मीही म्हटलं, "काका, जरासंच तर होतं. आता ते तोंडातही घेववत नाही."

"दोन्ही खरं आहे," ते म्हणाले. "दोन्ही सांगीन."

कोर्टात कंपनीच्या वकिलाने त्यांना तेवढंच पान मोठ्याने वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. मग झाडांचं विचारलं. "दोन आधीच मेली होती," काका म्हणाले. "एकोणीस नंतर." आवाज चढला नाही की उतरला नाही.

त्या वहीच्या आधारावर पाचही शेजारी जिंकले. त्यांना नळाचं पाणी द्यायचं आणि त्यांची जमीन साफ करायची, असा कंपनीला हुकूम झाला. त्या एका पानामुळे काकांचा दावा मात्र फेटाळला गेला. नळाची लाइन त्यांच्या फाटकासमोरून पुढे गेली; जोडणी फक्त त्या पाच घरांना.

म्हातारी रडत आली. "माझ्या नळाचं पाणी न्या, रोज न्या." काका रोज सकाळी कॅन घेऊन जाऊ लागले. मी एकदा विचारलं, "राग नाही येत?"

त्यांनी कॅनचं झाकण घट्ट केलं. "येत असेल गं. मला काही कळत नाही. उठतो, कॅन भरून आणतो, कामाला येतो."

असं दोन वर्षं चाललं. मग काकूंना ते कॅन उचलवेनात, काकांनाही. घराला गिऱ्हाईक मिळालं नाही. मुलीकडे जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी मी लवकर गेले. दोघं गाडीत बसले होते.

"अहो, मागचं दार लावलंत का?" काकूंनी विचारलं.

काका स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. "आठवत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

गाडी वळणाआड गेल्यावर मी घराला वळसा घालून मागे गेले. दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. मी दार ओढून घेतलं आणि लॅबला गेले. त्या दिवशी तपासायला बरेच नमुने आले होते.