आश्रुबाचं रीळ

आश्विन निम्मा सरला होता. पहाटे दव, आणि दिवस कासराभर वर आला की पाठ भाजणारं ऊन. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. त्यात आश्रुबा कंबर वाकवून उभा राहून एकेक मेंढरू बुचकळत होता. कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. लोकरीतली माती, कुसळं, मेणचटपणा निघाला तरच कातर चालते. एकूण साठ मेंढरं. विसावं धुऊन होईस्तोवर त्याची कंबर धरली. पंचावन्न वर्षांची कंबर, त्यातली दहा वर्षं नुसती पडण्यात गेलेली.

काठावर लिंबाजी बैल पाजायला आला.

"आश्रुबा, सांजच्याला तीन गाड्या जुंपायलोत. निम्मं गाव येतंय मानवतला. पडद्यावर तुझं थोबाड दिसलं न्हाई, तर येताना तुला गाडीमागं पळवीन."

"दिसल."

"बायनाबाई म्हणायली, गडी ममईला गेला आन् नाटकवाल्यांची भांडी घासून आला."

"तिला म्होरं बसव, म्हंजी नीट दिसल."

लिंबाजी हसत गेला. आश्रुबानं पुढचं मेंढरू धरलं. वीस-पंचवीस वर्षं तो ही चेष्टा ऐकत होता. आधी राग यायचा, मग नुसता कंटाळा.

अठराव्या वर्षी घोंगड्या विकायला तो पुण्याकडं गेला, तो तिकडंच राहिला. एका माळावर फिल्लमवाल्यांना मेंढरं हाकायला माणूस पाहिजे होता. उभा राहिला. नटीच्या तोंडावर उजेड टाकायला त्यांनी एक चकचकीत पत्रा फिरवला, तशी मेंढरं बुजली आणि खाट, छत्री, नटीचा बाप झालेला म्हातारा, सगळं तुडवत निघाली. मागनं आश्रुबा. धोतर सुटलेलं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्रीचा दांडा. बांधावरनं तो असा काही चिखलात गेला, की कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा थांबायचंच विसरला. पुढं त्या अख्ख्या मूकपटात लोक हसले ते तेवढ्याच जागी.

मालकानं त्याला ठेवून घेतलं, संगं मुंबईला नेलं. शिडीवरनं, हौदात, घोड्याच्या मागच्या अंगानं, दहा वर्षं तो पडत राहिला. नुसतं पडून कोणी हसत नाही, हे त्याला लवकर उमगलं. पडायच्या आधी माणूस क्षणभर उभा राहिला पाहिजे, आपण काही पडत नाही असं त्याला वाटलं पाहिजे. हे तो इतरांनाही शिकवायला लागला. शेवटी मालक म्हणाला, मग सगळंच तू कर. आश्रुबानं एक अख्खा मूकपट बसवला. धनगराच्या लग्नाचा. नवरदेव तोच. तीन महिने तो नीट जेवला नाही की झोपला नाही.

मूकपट दोन आठवडे चालला आणि बोलपट आले. आश्रुबानं तोंड उघडलं आणि "जेवायलाव का न्हाई?" म्हणाला, तसा नवा दिग्दर्शक कपाळाला हात लावून खाली बसला. बोलणं स्वच्छ पाहिजे म्हणाला. त्या महिन्यात आश्रुबा गावाकडं आला. संगं एक डबा, त्यात आपल्या मूकपटाचं शेवटचं रीळ.

लहानपणीच लग्न लागलेली भिवराबाई तोवर सासऱ्याची मेंढरं वळत थांबली होती. नवरा काय करून आला हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. निजामाच्या राज्यात ह्या गावाला पडदा कुठला दिसायला? रझाकारांच्या सालात डबा लोकरीच्या ढिगाखाली होता. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि गेल्या साली हा मुलूख मुंबई राज्यात घातला. आश्रुबा मुंबईला परत गेला नाही, मुंबईच त्याच्याकडं आली. यंदा मानवतला व्यंकटरावांनी तंबूचा सिनेमा उभा केला. आश्रुबा जाऊन भेटला. "आणा तुमचं रीळ," व्यंकटराव म्हणाले, "मोठ्या खेळाच्या आधी लावू." ते आज.

रिळाला आंबूस वास येत होता, म्हणून सकाळी त्यानं डबा उघडून अंगणात ठेवला आणि तो ओढ्याला आला होता.

दुपारी मेंढरं हाकत तो घरी आला. अंगणाभोवतीच्या बाभळकाट्यांच्या कुपावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीतरी वाळत घातलेलं होतं. लांबच लांब, पारदर्शक. मागचा शेताचा बांध त्यातनं स्वच्छ दिसत होता. भिवराबाई घंगाळापाशी बसली होती. घंगाळातलं पाणी काळं झालं होतं.

"केवढी घाण निघाली बगा," ती म्हणाली. "तीन पाणी बदलले."

आश्रुबा काठी टेकून उभा राहिला.

"गरम होतं पाणी?"

"लोकरीला करतेत तेवढंच. रिठे घातले. मेण लय होतं ओ, बोटाला चिटकायलं होतं."

"ती घाण न्हाई, भिवरे," आश्रुबा म्हणाला. "त्यो मी होतो."

तिला कळायला वेळ लागला. तिनं घंगाळात पाहिलं, मग कुपाकडं पाहिलं. भिजलेले हात तिनं लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले.

"एवढ्या लोकांत तुमी मळके दिसले असते," ती म्हणाली. "म्हणून धुतलं म्या."

डब्यात आतल्या गाभ्याला वीतभर तुकडा चिकटून राहिला होता. आश्रुबानं तो सोडवून उन्हाकडं धरला. नखाएवढी चित्रं, सगळी सारखी. बांधावर मुंडावळ्या बांधून उभा असलेला पोरगेला माणूस. भिवराबाईनं डोळा बारीक केला.

"हे तुमी?"

"हं."

"किती बारीक होताव ओ." तिनं तुकडा खालीवर केला. "उभेच हाव की ह्यात."

"म्होरं पडतो. चिखलात. म्होरलं घंगाळात गेलं."

तेवढ्यात लिंबाजी आला. कुपावर काय वाळतंय हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

"आवर की मर्दा! गाड्या दिवस असताना काढायच्यात. कुठंय तुझी फिल्लम?"

भिवराबाई उठली. तिचं तोंड उघडायच्या आत आश्रुबा बोलला.

"न्हाई फिल्लम."

"म्हंजी?"

"कवाच नव्हती. बाता होत्या."

लिंबाजी आधी हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. एवढी वर्षं तेच म्हणत आलेला माणूस, पण आता ते खरं निघाल्यावर त्याला काय करावं सुचेना.

"आन् व्यंकटरावाला भेटलास ते?"

"त्येबी बात."

"मर्दा, माणसं कापडं घालून बसलेत! पार येडं केलंस की गावाला." लिंबाजी वळला. बोळातनं त्याचा आवाज आला, "बायनाबाई, तुझंच खरं गं! भांडीच घासली!" मग पाच-सहा माणसांचं हसणं. ते बराच वेळ चाललं.

"खरं का न्हाई सांगितलं?" भिवराबाई म्हणाली. "म्या धुतली म्हणायचं."

"तुला हसले असते. मरस्तवर, लगीन असो का बारसं. ह्या गावाचं हसणं मला मालूम हाय."

"आन् तुमाला हसतेत ते?"

"माझं त्येच काम होतं की."

तिनं वीतभर तुकडा पदराच्या गाठीत बांधला आणि घंगाळ उचललं. पण ओतायला जागा सापडेना. एकदा उकिरड्याकडं गेली, परत आली, शेवटी तुळशीपाशी ते तसंच झाकून ठेवलं.

आश्रुबानं कातर घेतली. मेंढरं वाळली होती. कातरायला बसायच्या आधी त्याचं लक्ष एका पाटीकडं, तरण्या मेंढीकडं गेलं. ती मागचा पाय उचलून धरत होती. ओढ्यातला खडा खुरात बसला असणार. तो तिच्यापाशी उकिडवा बसला, पाय मांडीवर घेतला आणि बाभळीच्या काट्यानं खूर कोरायला लागला.