थोरल्याची बाग

पुण्याहून सकाळी साडेसहाला निघालो, तेव्हा दादांनी गाडीत माझ्याशिवाय कुणालाच घेतलं नाही. तिथूनच मला धास्ती लागली. दादा म्हणजे माझे मालक, त्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. आठवी सोडून देगलूरहून आलो तेव्हा त्यांनी काम दिलं, झोपायला माळा दिला, तापात फणफणलो तर स्वतः दवाखान्यात नेलं. ते 'चल' म्हणाले की 'कुठं' विचारायला माझी जीभ उचलत नाही.

राजगुरुनगर मागं पडल्यावर त्यांनीच सांगितलं. नारायणगावच्या पुढं त्यांच्या वडिलांची, अण्णांची, दोन एकर द्राक्षबाग आहे. मागं वडील फार आजारी पडले, तेव्हा चार लोकांदेखत म्हणाले होते, "बाग थोरल्याची." बरे झाले आणि पंपाच्या खोलीची किल्ली पुन्हा कमरेला लावली.

"थोरला नुसता म्हणायलाच आहे मी," दादा म्हणाले. "आज ताबा घेणार. तू साक्षीला." मग हसले. "तुझ्या त्या राजाच्या पोरासारखं."

चूक माझीच. पावसाळ्यात एक जाड इतिहास बांधायला आला होता. फर्मे (छापील कागदांच्या घड्या) जुळवताना मी वाचत असतो, आवडलं तर दादांना सांगतो. नॉर्मंडी नावाच्या मुलखाच्या मालकानं समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकलं, राजा झाला. नॉर्मंडी थोरल्या मुलाला देतो म्हणून सरदारांकडून शपथा घेतल्या, पण दिली काही नाही. धाकट्या भावांनी माडीवरून थोरल्याच्या अंगावर घाण पाणी ओतलं, तरी बाप गप्प. मुलगा बिथरला, बापाच्या वैऱ्याला जाऊन मिळाला. लढाईत त्यानं एका चिलखतवाल्याला घोड्यावरून पाडलं. तो ओरडला, तेव्हा आवाजावरून कळलं, हा तर बाप. त्यानं लगेच स्वतःचा घोडा त्याला दिला. दादांनी ही गोष्ट माझ्याकडून तीनदा ऐकली होती. घोडा दिल्याचं तेवढं दर वेळी विसरायचे.

मंचरला उजवीकडं वळून आम्ही लोणीला गेलो. तिथं दादांचे मामा राहतात, त्यांना सोबत घ्यायचं होतं. रस्ताभर धुकं, त्यात मधूनच उसाचा फड किंवा कांद्यात वाकलेल्या बाया दिसायच्या. मामींनी बाजरीच्या भाकरीबरोबर मासवडी वाढली (नावातच मास, असते बेसनाची, पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण). घर सोडल्यापासून इतक्या आग्रहानं मला कुणी वाढलं नव्हतं.

मामा हात धुऊन म्हणाले, "भाच्या, जेवाय कधी बी ये. पर दाजींच्या बांधावर तुझ्या बाजूनं हुबं राहाय मी येनार न्हाई."

"तुमीच म्हनत व्हता ना, थोरल्याचा हक हाय?" गावात शिरल्याबरोबर दादांची बोलीही बदलली होती.

"आज बी म्हनतो. पर म्हातारा तुटंल, वाकनार न्हाई. आन तू बी त्याचंच बेनं."

"भांडा राव खुशाल," मामी म्हणाल्या, "पर त्या पोराला खाऊ तरी द्या. नरड्यात घास अडकलाय त्येच्या."

परत हायवेला लागलो. नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप उभ्या होत्या, जीपवाले 'आळेफाटा, आळेफाटा' करत होते.

बागेत धुकं मांडवाखाली कोंडलं होतं. आत ट्रॅक्टर घुरघुरत होता, मागं ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र) चालू. चालवणाऱ्याच्या अंगात रेनकोट, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, डोळ्यांवर गॉगल.

"कोण रे तो?" दादांनी विचारलं.

त्यांच्या घरचं एकही माणूस मी पाहिलेलं नव्हतं. तरी म्हणालो, "गडी असेल." घाबरलो की समोरच्याला हवं तेच माझ्या तोंडून निघतं.

दादा ओळीत आडवे उभे राहिले. "बंद कर! उतर खाली. बाग माझी हाय."

ट्रॅक्टर बंद झाला. माणूस उतरला नाही, बोलला नाही, नुसता बघत राहिला.

"बहिरा हाय का?" म्हणत दादांनी त्याचा पाय धरून हिसकला. तो मांडवाच्या लोखंडी अँगलवर आदळला. हात मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, त्याच्या तोंडून मात्र हूं की चूं नाही. डाव्या हातानं त्यानं फडकं खाली ओढलं. दाढीचे पांढरे खुंट.

"अण्णा!" दादा त्यांच्याजवळ वाकले. "आवाज का दिला न्हाई?"

"गाडी बघितली तवाच वळखलं तुला," अण्णा म्हणाले. "म्हनलं बघू, गड्यावर हात टाकतोय का. टाकलास."

दादांनी त्यांना उचलून आपल्या गाडीत घातलं. नारायणगावच्या दवाखान्यापर्यंत मी मागं बसून त्यांचा हात धरून होतो. डॉक्टरांनी विचारलं, "अण्णा, कसं झालं हे? कुणी मारलं का?" दादांचं तोंड पांढरं पडलं.

"उतरताना पाय घसरला," अण्णा म्हणाले.

प्लास्टर घालून आम्ही थेट बागेत आलो. पानांवर डाऊनी (बुरशीचा रोग) होता, फवारणी अर्धी टाकून चालणार नव्हतं. दादांनी वडिलांचाच ओला रेनकोट चढवला. अण्णांनी डाव्या हातानं कमरेची किल्ली सोडून पुढं धरली.

"घ्या पावणं. बाग तुमची. आठ वळी ऱ्हायल्यात, तेवढ्या मारून घ्या."

"अण्णा, मी पावणा न्हाई. तुमचा थोरला हाय."

"च्या सांगू का घरात, पावणं?"

दादांचा हात पुढं येईना. पण औषध टाकीत कालवून ठेवलेलं होतं. शेवटी त्यांनी किल्ली घेतली.

दुपारी मी एकटाच एसटीनं पुण्याला निघालो. दादा घरी गेले नाहीत, पंपाच्या खोलीत राहिले. निघताना अण्णा मला म्हणाले, "लेकरा, जेवून जा." मी थांबलो नाही.

देगलूरला कुणी विचारलं, तर मालक भला माणूस आहे असंच मी सांगेन, आणि ते खरं आहे. पण त्या ट्रॅक्टरवर खरंच कुणी गडी असता, तर आम्ही त्याला तिथंच टाकून ताबा घेतला असता. मी, स्वतः गडी असून, साक्षीला उभा राहिलो असतो.